पाच-तीस की दहा-साठ?

दोन महिन्यांत डॉक्टर तिसऱ्यांदा गॅरेजच्या दारात उभे राहिले, तेव्हा ताईंनी हातातला पाना खाली ठेवला नाही. ठेवला असता तर आपटला असता.

"पुन्हा?" त्यांनी विचारलं.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले. "सिग्नलला थांबलं की लुकलुकतो. तोच लाल दिवा."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान. आणि ताई म्हणजे सगळ्या गल्लीच्याच ताई. वडिलांनी गॅरेज त्यांच्या हवाली केलं त्याला अठरा वर्षं झाली होती. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारी बाई असा त्यांचा लौकिक होता. डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वी एक जुनी पण दणकट स्पोर्ट्‌स कार घेतली. बसकी, रुंद, टर्बोची, पायाचं बोट टेकलं तरी उसळणारी. ही गाडी मात्र ताईंचा लौकिक धुळीला मिळवायला निघाली होती.

भांडण तेलाच्या आकड्यावरून होतं. इंजिन ऑइलच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला आकडा सांगतो, गार इंजिनात तेल किती सहज वाहील. दुसरा सांगतो, तापल्यावर ते किती दाट राहील. गाडीच्या पुस्तकात पाच-तीस लिहिलं होतं, म्हणून पहिल्यांदा ताईंनी पाच-तीसच भरलं. तीन आठवड्यांत तेलाचा दाब कमी झाल्याचा दिवा लुकलुकू लागला.

"गाडी चालवता कशी?" तेव्हा ताईंनी विचारलं होतं.

"कशी म्हणजे? दर रविवारी जुन्या धावपट्टीवर नेतो. तासभर चांगली पिदडतो," डॉक्टर छाती पुढे काढून म्हणाले होते.

शहराबाहेर एक बंद पडलेली विमानांची धावपट्टी होती. वेगाचे शौकीन तिथे जमत. तासभर असं पिदडलं तर तेल पाण्यासारखं पातळ होणार, हे उघड होतं. ताईंनी पाच-चाळीस भरलं. दिवा परत आला. मग त्यांनी शर्यतीच्या गाड्यांना घालतात ते दहा-साठ मागवलं. त्यावर सकाळी इंजिन सुरू होताना म्हाताऱ्यासारखं कण्हायचं. आणि आज दिवा पुन्हा हजर.

"मी पहिल्यापासून सांगतोय, पुस्तकात पाच-तीस आहे," डॉक्टरांनी पुस्तकच बाहेर काढलं. पानाला खूण घातलेली होती.

"पाच-तीस घालून झालं ना? तेव्हा तुमच्या पुस्तकानं काय दिवे लावले?"

"दिवा पुस्तकानं नाही लावला, ताई. गाडीनं लावला."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "डॉक्टर, तुमच्या खुर्चीत बसून मी कधी सांगते का, अक्कलदाढ कशी उपटायची ते? ठेवा गाडी. आता इंजिनच उघडते."

डॉक्टरांची दातखीळ बसली. ते रिक्षा करून गेले.

दाब मोजायचा वेगळा काटा लावून ताईंनी आधी खात्री करून घेतली. दिवा खोटं बोलत नव्हता. दाब खरोखरच कमी होता. म्हणजे बेअरिंग झिजली असणार. त्यांनी तेल काढलं, खालचं कढईसारखं झाकण उतरवलं आणि दोन दिवस गाडीखाली उताण्या पडून राहिल्या. मान आखडली, एक बोट सोललं. शेजारी दुसऱ्या एका गाडीची पेट्रोलची टाकी धुवायला काढलेली होती, त्या वासानं डोकं भणभणत होतं. आणि इतकं करून बेअरिंग निघाली आरशासारखी लख्ख. तेलाचा पंप तपासला, तोही ठणठणीत.

एखादा भाग फुटलेला सापडला असता तर ताईंना आनंद झाला असता. सगळं चांगलं निघालं, याचाच त्यांना संताप आला. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, असं काहीतरी चाललं होतं खास. पण म्हैस कुठली आणि पखाल कुठली, तेच उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई ट्रेमध्ये काढून ठेवलेलं तेल रिकाम्या डब्यांत ओतायला बसल्या. एक-एक लिटरचे पाच डबे भरले. ट्रेमध्ये तरी तेल उरलंच. त्यांनी सहावा डबा लावला. तो अर्ध्याच्या वर भरला.

ताई डब्यांकडे बघत राहिल्या. स्वतःच्या हातानं मोजून पाच लिटर घातलं होतं. गाडी तेल पिते हे ठाऊक होतं. तेल व्यायलेली गाडी मात्र त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

डबा घेऊन त्या टाकीच्या वासापासून दूर, रस्त्यावर आल्या. थेंब चिमटीत चोळला. साठचं तेल मधासारखं चिकट लागायला हवं होतं, हे घसरून गेलं. नाकाशी नेलं. पेट्रोल.

पेट्रोल तेलात उतरत होतं आणि तेल पातळ करत होतं. मग डब्यावर तीस लिहा, साठ लिहा, नाहीतर सहाशे लिहा!

पेट्रोल फवारणारे इंजेक्टर गळतात का, ते त्यांनी तपासलं. एकही गळत नव्हता. मग एकच कारण उरलं. इंजिन धड तापतच नसणार. थंड इंजिनात पेट्रोल जास्त जातं, त्यातलं थोडं तेलात झिरपतं. लांबवर गाडी हाणली की ते तापून उडून जातं. नाही हाणली, तर साचत राहतं. ताईंनी गाडीत डोकं घालून किलोमीटरचा आकडा पाहिला आणि मागच्या वेळच्या नोंदीशी ताडला. चोवीस दिवसांत गाडी चालली होती फक्त त्र्याऐंशी किलोमीटर.

घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. मधे सिग्नलला अर्धा तास खोळंबा.

त्यांनी धाकटीला फोन लावला. "काय गं, रविवारी डॉक्टर कुठे असतात?"

"कुठे असणार? खाली गाडी पुसत असतात. का गं?"

"धावपट्टीवर नाही जात?"

"एकदा गेले होते. आले ते पांढरेफटक पडून. जेवलेसुद्धा नाहीत."

ताईंनी हातही धुतले नाहीत. तशाच दवाखान्यात गेल्या. दोन पेशंटांच्या मधे डॉक्टर हातमोजे बदलत होते. ताई सरळ त्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"त्र्याऐंशी किलोमीटर," त्या म्हणाल्या.

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. "पहिल्याच रविवारी तिसऱ्या गिअरला पाय दाबला. मागची बाजू सुटली. गाडी दोनदा गरगर फिरली, ताई. समोर भिंत दिसत होती. त्यानंतर धीर झाला नाही."

"मग मला खोटं का सांगितलंत? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवलंत? दोन दिवस मी इंजिनाखाली मरत होते!"

"सगळ्यांना सांगून बसलो होतो, शर्यतीची गाडी घेतली म्हणून. लाज वाटली." ते ओशाळून हसले. "माझे पेशंटही सांगतातच की, दोन वेळा दात घासतो म्हणून."

"मग तुम्ही काय करता?"

"मी आ करायला सांगतो."

हे वाक्य ताईंना झोंबलं. चूक डॉक्टरांची होतीच. पण किलोमीटरचा आकडा पहिल्या दिवसापासून समोर होता. चाळीस की साठ या हट्टापायी आपणच तो बघितला नाही. घरी जाताना रस्ताभर त्या आधी डॉक्टरांवर चिडल्या, मग स्वतःवर, आणि शेवटी त्या गाडीवर, जिचा बिचारीचा काही दोषच नव्हता.

इंजिन जोडायला आणखी दीड दिवस गेला. तेल भरलं ते पाच-तीस. पुस्तकातलं. डबा उघडताना दात-ओठ खाल्ले, पण भरलं तेच. मग डॉक्टरांना बोलावून त्यांनी स्टिअरिंगवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

"तासभर चालवायची. मोकळ्या रस्त्यावर. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

डॉक्टरांनी चाक असं धरलं की बोटं पांढरी झाली. गाडी साठाच्या वर जाईना. मागून ट्रक भोंगा वाजवत पुढे गेला, तसे ते घामाघूम झाले. पंचवीस मिनिटांनी त्यांनी गाडी कडेला घेतली.

"नाही जमत, ताई. खरंच नाही."

ताई कडक काहीतरी बोलणार होत्या. पण गाडी थांबली तरी डॉक्टरांची बोटं चाक सोडत नव्हती, ते पाहून त्यांनी जागा बदलायला सांगितली. परतीचा रस्ता त्यांनी स्वतः कापला, दणक्यात. सिग्नलला तेलाचा दिवा एकदाही लुकलुकला नाही.

घराच्या फाटकाशी धाकटी उभी होती. नवऱ्याचा चेहरा बघून ती काय समजायचं ते समजली.

"किल्ली द्या इकडे," ती म्हणाली. "मीही गॅरेजवाल्याचीच मुलगी आहे. सहा महिन्यांत मला एकदा तरी विचारलंत?"

डॉक्टरांनी किल्ली दिली. त्यांच्या चेहऱ्यावर उपकार झाल्यासारखा भाव होता.

आता दर शनिवारी धाकटी गाडी घाटापर्यंत नेते आणि आणते. डॉक्टर दवाखान्यात चालत जातात. आणि ताईंची त्या आठवड्यात खोळंबलेली चार कामं अजून मार्गी लागायची आहेत. चारही गाडीवाले रोज फोन करतात, आणि प्रत्येकाला आपल्या गाडीचं दुखणं ताईंपेक्षा जास्त कळतं.