नावाड्याचा अर्ज

अभिलेखागारात जुने सरकारी कागद दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे डॉक्टरीण म्हणत. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत ती वीस वर्षं कागदांवर उपचार करत होती. कुणाला वाळवीनं पोखरलेलं, कुणाला शाईनंच जाळलेलं, तर कुणावर कधीकाळच्या कारकुनाच्या चहाचा गोल डाग. फाटकी कड जुळवायची, पातळ खळ लावायची, वर तलम कागद चढवायचा आणि टिपकागदात दाबून ठेवायचं. "माझे रोगी बरे," ती म्हणायची. "बोलत नाहीत, कण्हत नाहीत आणि त्यांचे नातेवाईक दारात गर्दी करत नाहीत."

त्या सकाळी मात्र रोगी तिच्याच घरातला निघाला.

तिथला नियम असा की सरकारी चौकशीचे कागद साठ वर्षं बंद. साठ भरली की ते लोकांसाठी खुले व्हायचे, पण वाचनकक्षात जाण्याआधी डॉक्टरणीच्या हाताखालून जायचे. त्या वर्षीची यादी तिच्या टेबलावर आली. तेवीस फायली. चहाचा घोट घेत ती एकेक ओळ खाली सरकत होती आणि आठव्या ओळीवर थबकली. 'नदीतील नाव बुडून सतरा इसम मयत. चौकशी. पाने ११२.'

ती नाव तिच्या आजोबांची होती. म्हणजे सरकारची, पण चालवणारे आजोबा. बाजाराच्या दिवशी ऐन मध्यावर नाव बुडाली, सतरा माणसं गेली, आजोबा पोहून वाचले. वाचले हाच त्यांचा पहिला गुन्हा ठरला. चौकशीत निष्काळजीपणा सिद्ध झाला आणि दोन वर्षं तुरुंग. सुटून आले ते पुन्हा नदीकडे फिरकले नाहीत, विटा थापायला गेले आणि विटा थापतच संपले. पण गावानं घराला नाव दिलं ते दिलंच, बुडव्याचं घर. डॉक्टरणीचे वडील त्या नावाला कंटाळून गाव सोडून शहरात आले, आडनाव बदललं, आणि मरेपर्यंत वल्ह्याचा 'व' तोंडातून काढला नाही. आता त्या घरातलं जुनं माणूस एकच उरलं होतं. बहात्तर वर्षांची आत्या. तीही डॉक्टरणीजवळच राहत होती.

फाईल गुपचूप हातावेगळी करता आली असती. कुणाला पत्ता लागला नसता. तिनं यादी उचलली आणि जिना चढून साहेबांच्या खोलीत गेली. हे साहेब म्हणजे अभिलेखागाराचे प्रमुख. वाचनकक्षात शाईचं पेन दिसलं की यांचा पारा चढायचा, म्हणून सगळे पाठीमागे त्यांना पेन्सिलसाहेब म्हणत.

"साहेब, आठव्या नंबरची फाईल मी करू नये."

"का? वाळवी आहे?"

"वाळवी नाही. नातं आहे."

त्यांनी चष्मा काढला. तिनं सांगितलं. वीस वर्षांत ऑफिसात पहिल्यांदाच ती हे बोलत होती, आणि बोलताना आपला आवाज एवढा साधा कसा निघतोय याचं तिला नवल वाटलं.

साहेबांनी यादीतली आठवी ओळ वाचली. "दुरुस्तीला आपल्याकडे दुसरं कोण आहे?"

"जागा मंजूर आहे. माणूस नाही."

"म्हणजे तुम्हीच. खाली नको, वाचनकक्षात माझ्यासमोरच्या टेबलावर बसा. आधी पानांवर आकडे घालू, मग हात लावा. तुमचं नातं नोंदवहीत लिहा, खाली मी सही करतो."

"आणि वाचलं गेलं तर?"

"डोळे बांधून कागद जोडता येतो का? वाचा."

पहिले तीन दिवस ती शब्द न बघता नुसत्या कडा बघायचा प्रयत्न करत होती. मृतांची यादी आली तेव्हा ते जमलं नाही. प्रत्येक नावापुढे, त्या माणसाजवळ काय सापडलं ते लिहिलेलं होतं. चौथ्या दिवशी एकसष्टावं पान आलं. आजोबांचा जबाब. 'नावेच्या तळाची फळी कुजली होती. तसा अर्ज मी कचेरीत दिला होता.' आणि पुढच्याच पानावर चौकशी अधिकाऱ्याचा शेरा, वळणदार, डौलदार अक्षरात: 'असा कोणताही अर्ज कचेरीच्या दप्तरी आढळून येत नाही. सबब आरोपीचा बचाव खोटा आहे.'

तिनं ते पान टिपकागदात ठेवलं, वर वजन ठेवलं आणि हात धुवायला गेली. हात धुवून झाले तरी नळ चालूच होता.

संध्याकाळी आत्या खिडकीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. डॉक्टरणीनं आडवळण घेतलं नाही.

"आत्या, आजोबांनी नावेबद्दल अर्ज दिला होता का?"

आत्याचा हात थांबला नाही. "दिला होता की. मी बरोबर होते."

"तू?"

"बारा वर्षांची घोडी होते, सगळं आठवतंय. आबांना लिहिता येत नव्हतं. कचेरीच्या ओट्यावर अर्ज लिहिणारा बसायचा, त्यानं लिहिला. आबांनी अंगठा दिला. ती शाई निघता निघेना. तीन दिवस अंगठा वाळूत घासत होते."

"मग कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. पोरीचं कोण ऐकतंय? त्यातून बुडव्याची पोर, तिचं खरंही पाण्यातच जायचं." तिनं घडी मांडीवर ठेवली. "पुढं पुढं तुझा बापसुद्धा म्हणायला लागला, सरकारला सापडला नाही म्हणजे नसेलच. भाऊच असं म्हणाला, तेव्हा मी तोंड मिटलं."

खोलीत अंधारून आलं होतं. डॉक्टरीण दिवा लावायला उठली.

"मी शोधते," ती म्हणाली.

"शोध. पण माझ्या समाधानासाठी काही जोडून आणू नकोस. तुझ्या हाताला जोडायची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना सगळं सांगितलं, आत्याच्या अंगठ्याच्या गोष्टीसकट. ते ऐकताना पेन्सिलीला टोक करत होते.

"मी इथं तीस वर्षं आहे," ते म्हणाले. "'आढळून येत नाही' याचा अर्थ शंभरात नव्वद वेळा 'शोधलं नाही' असाच असतो. कचेरीत कागद आला की आधी आवक नोंदवहीत चढतो. अर्ज हरवेल, वही सहसा हरवत नाही. जेवणाच्या सुट्टीत बघा. मीही येतो."

मग दोघं रोज सुट्टीत वरच्या मजल्यावरच्या रॅकमधून त्या वर्षाच्या वह्या उतरवू लागले. जाड, चामडी पाठीच्या, एकेक वही उचलताना कमरेची परीक्षा बघणाऱ्या. साहेब एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं. डबे बंदच राहायचे. तिसऱ्या दिवशी साहेबांनी वही तिच्याकडे फिरवली आणि पेन्सिलीचं मागचं टोक एका ओळीखाली धरलं.

नोंद ४१८. तारीख अपघाताच्या सहा आठवडे आधीची. 'सरकारी नावाडी. नावेची फळी कुजल्याबाबत.' आणि शेवटच्या रकान्यात तीनच शब्द: 'बांधकामाकडे वर्ग केला.'

"बघा," साहेब म्हणाले. "अर्ज बांधकाम खात्याकडे गेला. चौकशीच्या वेळी यांनी आपलंच कपाट उघडलं, रिकामं दिसलं, झाकलं. काखेत कळसा म्हणतात तो हा."

बांधकाम खात्याची त्या वर्षाची बासनं, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, गोदामात होती. हवं होतं ते बासन सापडलं, पण ते उघडण्यासारखं नव्हतं. कधीतरी छत गळून त्यात पाणी शिरलं होतं. आतले तीनेकशे कागद एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. वर चिठ्ठी होती: 'उघडणे अशक्य. नष्ट करण्यायोग्य.'

"कधी लिहिलंय हे?" तिनं विचारलं.

"तुम्ही यायच्या आधी," साहेब म्हणाले.

ती वीट घेऊन खाली आली. चिकटलेला कागद ओढला की फाटतो आणि भिजवला की शाई पसरते. त्याला नुसती दमट हवा द्यावी लागते, बंद पेटीत, ओल्या टिपकागदाच्या सोबतीला. मग पान जरासं सैल होतं. तेवढ्या वेळात बोथट पातळ पट्टी आत सरकवायची आणि श्वास धरून पुढे न्यायची. पान सुटलं तर सुटलं. नाही सुटलं तर पुन्हा पेटीत. पहिल्या दिवशी नऊ पानं निघाली, दुसऱ्या दिवशी चार. एक पूल, दोन मोऱ्या, शाळेचं छप्पर, कुणा ठेकेदाराची लांबलचक तक्रार. एकदा घाईत एका पानाचा कोपरा गेला, तेव्हा ती पट्टी खाली ठेवून मागच्या गल्लीत दोन चकरा मारून आली. घाई करणाऱ्या डॉक्टरवर आपण स्वतः विश्वास ठेवला नसता, असं तिनं स्वतःला बजावलं.

अकराव्या दिवशी दुपारी तिनं एक पान उचललं. पान कुठल्याशा विहिरीच्या कठड्याबद्दल होतं. पण त्याच्या पाठीवर, खालच्या कागदावरून उमटलेला, एक जांभळट काळा अंगठा होता. उलटा, पण रेघ न् रेघ दिसणारा.

तिनं हात मागे घेतले. "साहेबांना बोलवा," ती शिपायाला म्हणाली. "मी एकटी असताना हे पान काढणार नाही."

साहेब आले. त्यांच्यासमोर खालचा कागद सुटायला पाऊण तास लागला. अर्ज आठ ओळींचा होता. फळी कुजली आहे. दोनदा डांबर भरले, टिकत नाही. दुरुस्ती होईतो वीसपेक्षा जास्त माणसे न बसवण्याचा हुकूम व्हावा. बाजाराच्या दिवशी लोक ऐकत नाहीत. माझ्या सांगण्याने थांबत नाहीत, सरकारच्या सांगण्याने थांबतील. खाली अंगठा. आणि कडेला, दुसऱ्याच हातानं, सहीनिशी: 'पुढील हंगामात पाहावे. तोवर नाव नेहमीप्रमाणे चालू ठेवावी.'

साहेबांनी कडेचा शेरा दुसऱ्यांदा वाचला. मग ते म्हणाले, "निकाल बदलणं आपल्या हातात नाही. कागदाशेजारी कागद ठेवणं आहे. चौकशीच्या फाईलवर याचा क्रमांक लिहून ठेवतो. यापुढे जो एक उघडेल त्याला दुसरा दिसेल."

आत्या दोन दिवसांनी आली. ठेवणीतली साडी, पिशवीत पाण्याची बाटली, ती दारावर ठेवून घेतली म्हणून जरा नाराज. तिनं अर्ज स्वतः वाचला, ओळीखालून बोट फिरवत, कागदाला न लावता. वाचून झाल्यावर पुन्हा वाचला.

"हाच," ती म्हणाली.

मग अंगठ्याकडे बघत म्हणाली, "पण नाव नेलीच ना आबांनी. माहीत असून नेली."

डॉक्टरणीला वाटलं होतं आत्या रडेल किंवा हसेल. या प्रश्नाची तयारी तिनं केली नव्हती. "वरून हुकूम होता, आत्या. चालू ठेवा म्हणून."

"होता. तरी सतरा माणसं गेली. आबा रोज झोपेत मोजायचे." तिनं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. "निष्काळजी नव्हते, एवढं मात्र खरं ठरलं. मला तेवढं पुरे. आता हे त्या लोकांना दाखवायला हवं."

"कोणत्या लोकांना?"

"ज्यांची माणसं गेली त्यांना. आपल्यालाच काय दाखवतेस, आपण तर घरचेच."

नदीवर आता पूल आहे. पुढच्या रविवारी दोघी अर्जाची प्रत घेऊन बसनं पलीकडच्या गावात उतरल्या. आत्या त्या काठावर साठ वर्षांत आली नव्हती. तिनं एकच घर विचारलं, निवृत्त गुरुजींचं. त्यांची आई त्या नावेत होती, हे आत्याला ऐकून माहीत होतं; तेव्हा ते पाच वर्षांचे होते.

गुरुजींनी दारातच विचारलं, "आपण कोण?"

"बुडव्याची मुलगी," आत्या म्हणाली.

त्यांनी आत या म्हटलं नाही. प्रत घेतली आणि उंबऱ्यात उभ्यानंच वाचली. मग चष्मा पुसून कडेचा शेरा वाचला. आतून त्यांची बायको येऊन मागे उभी राहिली, तीही वाचू लागली.

"साठ वर्षं रागवायला आम्हाला एक माणूस होता," गुरुजी शेवटी म्हणाले. "आज तुम्ही तोही काढून घेतलात."

आत्या उंबऱ्याबाहेर तशीच उभी राहिली. मग गुरुजींची बायको पुढे झाली आणि म्हणाली, "बाई उन्हात उभ्या आहेत. बसू तरी द्या."

दोघी बसल्या. पाणी आलं. गुरुजी प्रतीची घडी घालत होते, उलगडत होते. "त्या फायलीत," त्यांनी डॉक्टरणीला विचारलं, "माझ्या आईबद्दल काही आहे?"

मृतांच्या यादीचं चौतिसावं पान तिनंच जोडलं होतं. गुरुजींनी आईचं नाव सांगितलं, तेव्हा ती ओळ तिच्या डोळ्यांसमोर आली. "आहे. त्यांच्याजवळ एक पाटी सापडली होती. नवी. आणि लेखणीची डबी."

गुरुजींनी प्रत मांडीवर ठेवली. "मला त्या वर्षी शाळेत घालायचं होतं," ते हळूच म्हणाले. "ती बाजारात कशाला गेली होती, हे मला कुणी सांगितलंच नाही."

"फाईल आता खुली आहे, गुरुजी. तुम्ही येऊन स्वतः बघा. येताना ओळखपत्र आणा, पेन आणू नका."

महिनाभरानं, एका मंगळवारी दार उघडण्याआधीच अभिलेखागाराच्या पायऱ्यांवर नऊ माणसं उभी होती. पुढे गुरुजी, मागे गावातली बाकीची घरं. कुणाचा काका, कुणाची आजी, कुणाची दोन भावंडं त्या नावेत होती. एवढे वाचक एकदम वाचनकक्षानं पाहिले नव्हते. शिपायानं डॉक्टरणीच्या खोलीतल्या खुर्च्या उचलून आणल्या, आणि तरी एक कमी पडली. साहेबांनी आपली दिली आणि स्वतः उभे राहिले. फाईल एक आणि माणसं नऊ, तेव्हा एकानं मोठ्यानं वाचावं असं ठरलं.

आत्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. गुरुजींनी तिला पाहिलं, आपल्या शेजारची खुर्ची मागे ओढली आणि ती येऊन बसेपर्यंत थांबले. मग त्यांनी पहिलं पान वाचायला सुरुवात केली.