तयार उत्तराचे बटण

माझ्याकडे बघून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या फटींत बिस्किटांचा चुरा साठला आहे, 'स' हे अक्षर पार पुसले गेले आहे आणि वरच्या ओळीतले शेवटचे बटण कोणीतरी उपटून काढले आहे. तिथे आता नुसते भोक आहे. येणारा प्रत्येक जण त्या भोकात बोट घालून बघतो. घाला खुशाल. माझे काय जाते? पण ते बटण कोणी उपटले आणि का, हे सांगितल्याशिवाय मी आज तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावरून माझे भाऊ एकामागून एक चालले होते. एका बाईने माझी बटणे ठोकून बसवली, प्रत्येक बटण दाबून पाहिले आणि म्हणाली, "हा जरा जास्तच कडकडतो." मग तिने मला खोक्यात घातले. ती तारीफ होती की तक्रार, हे मला अजून कळलेले नाही.

दुकानातून मला उचलणारा माझा मालक म्हणजे नोकरी सोडून स्वतःचे सॉफ्टवेअर बनवायला निघालेला एक तरुण. त्याने तिथल्या तिथे माझी चार बटणे बडवली.

"आवाज ऐकलास, ताई? याला म्हणतात कीबोर्ड!"

"माझं डोकं उठणार आहे याने," त्याची मोठी बहीण म्हणाली. पण मला घरी न्यायला पिशवी तिनेच पुढे केली.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली होती. एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत कायम वाळत पडलेला एक टॉवेल. तिथे या बहीण-भावाने धंदा मांडला. ताईनेही त्यासाठी शाळेच्या कचेरीतली बरी नोकरी सोडली होती. सकाळी ताई माझ्यापुढे बसून गिऱ्हाइकांना उत्तरे लिहायची. दुपारनंतर मालक बसून प्रोग्राम लिहायचा. मी दोघांचा मार खायचो. ताईची बोटे हलकी होती, मालकाची म्हणजे हातोडे.

त्यांनी लॉन्ड्रीवाल्यांसाठी एक प्रोग्राम बनवला आणि त्याचे नाव ठेवले 'घडी'. कोणी कपडे टाकायला आले की 'घडी' त्याला एक नंबर द्यायची आणि त्या नंबराच्या चिठ्ठ्या छापायची. त्या चिठ्ठ्या त्याच्या प्रत्येक कपड्याला टाचायच्या, म्हणजे याचा शर्ट त्याला जात नाही. एवढेच काम, पण फार कामाचे. पहिले गिऱ्हाईक मिळाले ते पलीकडच्या गल्लीतल्या लॉन्ड्रीवाल्या काकू. मालक त्यांना म्हणाला होता, "काकू, एकदा पैसे द्या आणि कायम वापरा." काकू धापा टाकत जिना चढून यायच्या आणि म्हणायच्या, "अरे, तुझ्या घडीने माझी कटकट वाचवली बघ!" त्याचा चुरगळलेला शर्ट पाहून त्यांनी एकदा तो जबरदस्तीने नेला आणि इस्त्री करून आणून दिला. त्या दिवसांत मालक मला रोज ओल्या फडक्याने पुसायचा.

हे दिवस टिकले असते तर मी तुमच्यापुढे तोंड उघडलेच नसते.

'कायम वापरा' म्हणणे सोपे असते. प्रोग्राम कायम दुरुस्त करत बसावे लागते, आणि खोलीचे भाडे काही एकदा देऊन भागत नाही. मालकाने सगळ्यांना सुधारलेली नवी 'घडी' दिली आणि ठरवले की आता तिचे पैसे दरवर्षी द्यायचे, जुन्यांनीही. ताई म्हणाली, "जुन्यांना नको. त्यांना आपण शब्द दिलाय."

"मग आपण काय हवा खाऊन राहायचं?"

"नव्यांकडून घे की."

"नवे आहेत किती? तू गिऱ्हाइकांची वकिली करू नकोस, ताई."

झाले. तक्रारींचा पाऊस पडू लागला. आणि मित्रांनो, गिऱ्हाईक म्हणजे देवमाणूस असे कोणी तुम्हाला सांगितले असेल तर त्याने कधी गिऱ्हाईक पाहिलेले नाही. एकाने लिहिले, "माझा भाचा कॉम्प्युटर शिकतो. तो रविवारी बसल्या बसल्या असा प्रोग्राम करून देईल." दुसऱ्याने लिहिले, "लुटारू." एवढेच. तिसऱ्याने किमतीत सूट मागितली, आणि सूट दिल्यावर ती आणखी का नाही म्हणून भांडला. मालक वाचायचा, दात ओठ खायचा आणि माझ्यावर मूठ आपटायचा. त्या लोकांचा राग मी का सोसायचा, हे मला कोणी विचारले नाही.

आता त्या बटणाकडे या. मी साधासुधा कीबोर्ड नाही. माझ्या पोटात एक अख्खा मजकूर साठवता येतो. ते शेवटचे बटण दाबले की मजकूर आपोआप टंकला जायचा आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत रवाना व्हायचा. ताईने स्वतः बसून तो लिहिला होता: "नमस्कार. तुमचा निरोप मिळाला. तुम्हाला त्रास झाला याचं वाईट वाटतं. बघून लवकरच कळवते." खाली नाव, ताई. सगळी गिऱ्हाइके तिला ताईच म्हणत. तक्रारी वाढल्या तशी ती सकाळभर ते बटण दाबत बसायची. मजकूर तिचा स्वतःचाच, तो पुन्हा कशाला वाचायचा?

पण मालकाला एके दिवशी त्या भाच्याचा इतका राग आला, की त्याने साठवलेला मजकूर उघडला आणि त्यात एक वाक्य घातले: "भाचा एवढा हुशार असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या." घातल्यावर त्याला मोकळे वाटले. स्वतःशीच हसला. नंतर काढून टाकू, असे पुटपुटला, तेवढ्यात फोन वाजला आणि ते तसेच राहून गेले. पहिल्यांदा तो खरोखर विसरला, हे मी मान्य करतो. पण पुढे त्याला त्याची चटकच लागली. कोणी जास्त बोलले की घाल एक वाक्य. "परवडत नसेल तर कोणी बळजबरी केलेली नाही." असे एकेक करत मजकूर वाढत गेला. "वाईट वाटतं" हे वाक्य तर त्याने एका दुपारी सरळ खोडून टाकले. खालचे नाव तेवढे राहू दिले.

आणि ताई रोज सकाळी ते बटण दाबत होती.

लोक फोनवर तिच्याशी तिरसटासारखे बोलू लागले. एकाने तिला सुनावले, "तुमच्याशी नाही बोलायचं. तुमच्या तोंडाला लागायची आमची इच्छा नाही." तिने फोन ठेवला.

"हल्ली लोकांना झालंय तरी काय?" ती भावाला म्हणाली. "मी इतकं नीट बोलते, तरी अंगावर येतात."

"लोक तसेच असतात," मालक म्हणाला, तिच्याकडे न बघता.

मला तोंड असते तर मी तेव्हाच बोंब मारली असती. पण कीबोर्ड टंकतो, वाचून दाखवत नाही. ताईसारख्या बाईच्या बोटांनी ती घाण मी रोज बाहेर पाठवत होतो आणि मालकाचा मला इतका संताप येत होता, की त्याची बोटे माझ्या फटीत अडकावीत असे वाटायचे.

मग काकूंचा निरोप आला. काकू बोलतात तशाच लिहितात. सुरुवात किमतीपासून. "तू म्हणाला होतास कायम वापरा, आता दरवर्षी कुठून आणू," असे लांबलचक. मालकाने वरच्या दोन ओळी वाचल्या.

"यांचंही तेच रडगाणं. दाब ते बटण."

"काकू आहेत. मी फोन करते ना."

"एकीला फोन केलास की सगळ्यांना करावा लागेल. दाब म्हणतो ना!"

ताईने दाबले. काकूंच्या निरोपात अगदी शेवटी लिहिले होते, की नवी 'घडी' एकच नंबर दोन-दोनदा देते आहे, लवकर बघ. तिथपर्यंत दोघांपैकी कोणीही पोहोचले नाही.

काही दिवसांनी काकू जिना चढून आल्या. हातात एक काळा कोट. ताईने खुर्ची पुढे केली.

"बसायला नाही आले मी." मालकाला त्या आजवर 'अरे' म्हणायच्या. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाल्या. "तुमची घडी दोघांना एकच नंबर देते. वकिलांचा कोट हॉटेलातल्या वेटरला गेला आणि वेटरचा वकिलांना. हा बघा, खिशावर हॉटेलचं नाव शिवलेलं. ते तसेच कोर्टात उभे राहिले! सगळे हसले त्यांना. आता ते माझ्या दुकानाची पायरी चढणार नाहीत, आणि त्यांच्या ओळखीतलंही कोणी चढणार नाही."

"शक्यच नाही," मालक म्हणाला. "तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबलं असणार."

"मी काही दाबत नाही. दुपारी जेवायला जाताना कॉम्प्युटर बंद करते, आल्यावर चालू करते. रोजचंच आहे."

मालकाचा चेहरा खर्रकन उतरला. नव्या 'घडी'त कॉम्प्युटर मध्येच बंद झाला तर नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होत होते. त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू, म्हणून ही चूक त्याच्या कधी समोरच आली नव्हती. पण चूक कबूल करेल तर तो मालक कसला!

"मग हे आधी सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. त्याला हे उत्तर आलं." काकूंनी फोन ताईसमोर धरला. "वाच. मोठ्याने वाच. तूच लिहिलंस ना?"

ताई वाचू लागली. भाचा आला, बळजबरी आली. शेवटचे वाक्य तिने हळू आवाजात वाचले: "नाहीतर पूर्वीसारख्या चिठ्ठ्या हाताने लिहा. हात आहेत ना?"

"काकू, हे मी नाही लिहिलं."

"खाली नाव कुणाचं आहे?"

ताईने खाली पाहिले. नाव तिचेच होते.

"पैशांवरून मी भांडले असते आणि शेवटी दिलेही असते," काकू म्हणाल्या. "पण हात आहेत का, असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. याच हातांनी तुझ्या भावाच्या शर्टाला इस्त्री केली होती मी." कोट छातीशी धरून त्या जिना उतरून गेल्या.

ताई माझ्यापुढे बसली. पाठवलेली उत्तरे तिने एकेक करून उघडली. प्रत्येकाखाली ती स्वतः होती.

"अगं, रागात लिहिलं होतं," मालक म्हणाला. "काढणारच होतो."

"राग तुझा, मग नाव माझं कशाला?"

"नाव तसंच राहिलं. लक्षात नाही आलं."

"आलं होतं. म्हणूनच तर बदललं नाहीस."

तिने टेबलावरची कात्री घेतली, टोक माझ्या त्या बटणाखाली घातले आणि खटकन उपटले. मला लागले. पण त्या दिवशी कोणीतरी मला योग्य कारणासाठी इजा केली, असे वाटले.

ती जायला उठली तसा मालक म्हणाला, "तू गेलीस तर धंदा बुडेल, ताई."

"माझं नाव बुडवताना नाही वाटलं काही?" तिने आपला कप आणि पर्स उचलली. दार तिने आपटले नाही. आपटले असते तर मालकाला भांडायला तरी काहीतरी मिळाले असते.

'घडी'तली चूक त्याने त्याच दुपारी दुरुस्त केली. खरे तर काम किती थोडे होते! मग प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने लिहिले: माफ करा. लोक विरघळले असतील असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार गोष्टी वाचता. एकाने लिहिले, "आता आठवण झाली का?" दुसऱ्याने लिहिले, "भाच्याने करून दिलं. छान चालतंय." शर्ट घेऊन तो काकूंच्या दुकानात गेला आणि तसाच परत आला. शर्ट घ्यायला त्यांनी नकार दिला, हे तो खाली सायकलवाल्याला सांगत होता. सायकलवाला म्हणाला, "मग काय, पंचारती ओवाळायची होती का तुमची?" मला हसू आले. अजून येते.

आता तो एकटाच बसतो. कोणी किमतीबद्दल लिहिले की आजही त्याचे डोके फिरते. तावातावाने लिहितो, खाली स्वतःचे नाव घालतो, मग त्या नावाकडे बघतो आणि वरचे निम्मे खोडून टाकतो. तेवढी अक्कल आली आहे. मला पुसायची मात्र अजून आलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊ असेल तर त्याच्यावर चहा सांडू नका, राग आला की त्याला बडवू नका. आणि दुसऱ्या कोणाच्या नावाने काही लिहिणार असाल, तर पाठवण्याआधी त्या माणसाला ते वाचून दाखवा. नंतर सांगायला जाल तेव्हा तो माणूस समोर नसेल.

रोज काम संपले की माझा मालक एक कोरे पान उघडतो. "ताई," असे लिहितो. मग गिऱ्हाइके कशी वागतात, भाडे किती वाढले, आपली किंमत कशी योग्यच होती, हे सगळे लिहितो आणि पुसून टाकतो. परक्या माणसांना त्याने 'माफ करा' इतक्यांदा लिहिले, की माझी ती बटणे गुळगुळीत झाली. 'माफ कर' त्याने अजून एकदाही लिहिलेले नाही.