कुटुंबप्रमुखाचा नंबर

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या आमच्या मराठी वाचनालयात वायफाय बसवलं, तेव्हा अध्यक्ष विलासराव माइकवर म्हणाले, "सिस्टीम एकदम पक्की आहे. मोबाइलवर कोड आल्याशिवाय नेट चालूच होणार नाही. आपल्या मुली बिल्कुल सेफ, टेंशनच नाही." टाळ्या पडल्या.

सेफ म्हणे! आमच्याकडे सभासदत्व कुटुंबाचं असतं, कुटुंबप्रमुखाच्या नावावर. म्हणजे कोड जाणार बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या फोनवर. ग्रंथपाल म्हणून मी बैठकीत हे बोलले. "उषावहिनी, घरचीच तर माणसं आहेत," म्हणत विलासरावांनी चहा मागवला.

काल त्यांचीच मुलगी शर्वरी लॅपटॉप घेऊन आली. तिला नागपूरच्या कॉलेजात एम.एस्सी.ची जागा मिळाली होती आणि पाच वाजेपर्यंत ती ऑनलाइन स्वीकारायची होती. पोरीने उज्जैन सोडू नये म्हणून विलासरावांनी घरचं वायफाय बंद केलेलं, तिच्या मोबाइलवरही फक्त फोन आणि मेसेजचा पॅक ठेवलेला. तिने इथे कोड मागितला, तर बापाचा फोन आला. "काय करून राहिलीयेस तिथे? चुपचाप घरी ये." कोड काही सांगितला नाही. पोरगी रडायलाच आली.

माझं डोकं फिरलं. "थांब, माझ्या खात्यातून कर," म्हणत मी बटण दाबलं. लगेच टॉवर चौकातल्या दुकानातून आमच्या श्रीकांतचा फोन. "अगं, कोड आलाय. तुला कशाला पाहिजे नेट?"

इतकी वर्षं हे वाचनालय मी चालवते. सगळ्या किल्ल्या माझ्याकडे, आणि नेटसाठी नवऱ्याला कारण सांगायचं! मी फोन ठेवून दिला. माझ्या मोबाइलच्या नेटवर शर्वरीचं काम भागलं असतं, पण चोरून का म्हणून? ती सभासद नाही का? सगळ्यांचे नंबर सिस्टीममध्ये मीच भरले होते.

"शर्वरी, तुझ्या नावापुढे तुझा नंबर घालू?"

"घाला काकू."

घातला. कोड तिच्या हातातल्या फोनवर आला. पाचच्या आत तिने जागा स्वीकारली. मग मी माझाही नंबर बदलला.

नंबर बदलला की जुन्या नंबरवर तसा मेसेज जातो. विलासराव फोनवर कडाडले, "वहिनी, हा नंबर कुणाला विचारून बदलला?"

"शर्वरीला," मी म्हटलं.