चुकायचं काम

पोर घरी शिकवायचं तर आधी पोराची खोड बघून घ्या, मग पुस्तकं आणा. आमच्या पूर्वावहिनींचा भाविक नऊ वर्षांचा. शाळेचा शर्ट दाखवला का उलटी करायचा. शेवटी वहिनींनी शाळेतनं त्याचं नाव काढलं आणि शेलार गावातल्या बंगल्यात वरच्या माळ्यावर शाळा मांडली. मी त्यांचा ड्रायव्हर, काळूराम. चौथी नापास. पण त्या शाळेतल्या अर्ध्या युक्त्या माझ्या.

"वहिनी, अपूर्णांकाला पुस्तक कशाला? भाकरी आणा," मी बोललो. चार तुकडे केले. पाव, अर्धी, पाऊण. पोरगं शिकत शिकत जेवलं. पाढे चिंचोक्यांवर. अंगणात रांगोळीनं भिवंडीचा नकाशा काढला, खाडी निळी, लूमचे कारखाने काळे. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात अंडं सोडून बघितलं. उकडलं न्हाय, पण जमिनीतून पाणी गरम कसं येतं यावर दोन दिवस गप्पा चालल्या.

पण एकटं पोर किती दिवस शिकणार? भाविक कंटाळला. वहिनींनी मोबाईलवर वाचलं का मूल दुसऱ्याला शिकवतं तवा त्याचं स्वतःचं पक्कं होतं. म्हणजे दुसरं पोर पायजे.

मीच बुधीला आणली. तिचा बाप जान्या गणेशपुरीच्या वरच्या पाड्यातला, बंगल्याची बाग करायचा, मागच्या शेडमधी राहायचा. बुधी चौथी पास झालेली. जान्याला एकच ध्यास, पोरगी राहत्या शाळेत पाचवीला लागावी. राहणं, खाणं, शिक्षण सगळं तिथंच.

वहिनी बोलल्या, "वर्षभर बसू दे भाविकसोबत. जूनमध्ये मी स्वतः घेऊन जाईन तिला. गुरुजी ओळखीचे आहेत."

जान्या पाया पडायला वाकला. वहिनी मागं सरकल्या.

पयल्या दिवशी प्रश्न संपायच्या आत बुधीचं उत्तर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी भाविकनं मूठभर चिंचोके तिच्या तोंडावर फेकले आणि जागेवरच ओकला. वहिनींनी मला जिन्यात बोलावलं.

"काळूदादा, हिला समजवा. हुशारी दाखवायला नाही बोलावलं. हिनं चुकायचं. भाविक बरोबर करून सांगेल."

मी बुधीला नळावर गाठलं.

"बुधे, उद्यापासून तू चुकायचं."

"पण मला येतंय ना, काका."

"येतंय म्हणून तर जमंल तुला. ज्याला येत न्हाय तो एखाद येळी बरोबर बोलून बसतो."

ती हसली. मग बोलली, "आणि शाळा?"

"तू चुकली का भाविक शिकतो. भाविक शिकला का वहिनी खूश. वहिनी खूश का तुझी शाळा. हाय का न्हाय?"

"हाय."

पोरगी त्यातपण पयला नंबर. उगाच कायतरी ठोकायची न्हाय. भाविकला बरोबर पकडता येईल एवढंच चुकायची. सात आठं चोपन्न बोलली का भाविक वाघासारखा उठायचा. "छप्पन्न! ढ कुठली!" आणि फूटपट्टी तिच्या हातावर. वहिनी बोलायच्या, "हळू रे." चांगली चुकली तर क्रीमचं बिस्किट. दिवाळीपतुर भाविकची उलटी बंद, तीसपर्यंत पाढे पाठ. सगळा बंगला तिला ढ बुधी बोलायला लागला. मीपण. वहिनी फोनवर दुसऱ्या आयांना सांगायच्या, "सोबतीला एक कच्चं मूल ठेवा. फरक बघा मग."

जून उजाडला. वहिनींनी शब्द पाळला. भाविकलापण घेतलं, बोलल्या त्यालाही अनुभव. जान्यानं सोताच्या हातानं बुधीला तेल लावलं, दोन वेण्या घातल्या. वाकड्या.

शाळेत जागा दोनच उरलेल्या, पोरं अकरा. गुरुजी तोंडीच इचारत व्हते. बुधी टेबलासमोर उभी राहिली. भाविक तिच्या बाजूला जाऊन चिकटला, रोजच्यासारखा.

"सात आठं?"

बुधीनं भाविककडं बघितलं. मग माझ्याकडं. 

"चोपन्न."

"छप्पन्न!" भाविक ओरडला.

"अर्धी भाकरी मोठी का पाव?"

"पाव."

"अर्धी! पावच्या दुप्पट असते!"

गुरुजी बुधीला विसरलेच. "अरे वा! कुठल्या शाळेत रे बाळ तू?"

"घरीच शिकवते मी," वहिनी बोलल्या. लाजल्यासुद्धा.

"गुरुजी," मी बोललो, "तिला येतंय."

"काय येतंय?"

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

"भाकऱ्या," मी बोललो. "भाकऱ्या थापायला येतात."

गुरुजी हसले. वहिनी हसल्या. सगळी हसतात म्हणून बुधीपण हसली. गुरुजींनी तिच्या नावावर रेघ मारली. "चौथीचंसुद्धा कच्चं आहे. हिला नाही घेता येणार."

वाटेत बुधीनं मागून माझ्या कानाशी तोंड आणलं. "काका, मी एकपण बरोबर न्हाय सांगितलं. आता मिळंल ना?"

"काळूदादा, एसी वाढवा," वहिनी बोलल्या.

मी वाढवला.

गेटवर जान्या उभा. पायाशी पत्र्याची पेटी, आत पोरीचे दोन फ्रॉक आणि नवी चादर.

"झालं का, दादा?"

वहिनी अजून गाडीतच व्हत्या. मी बोललो, "पोरीला काय येत न्हाय, जान्या. गुरुजीच बोलले."

जान्यानं पेटीकडं बघितलं. मग फिरला आणि बुधीच्या थोबाडीत ठेवून दिली. "वरीसभर खुर्चीवर बसून बिस्किटं खाल्ली का गं नुसती?" दुसरी दिली. बुधी रडली न्हाय. गालावर हात धरून ती माझ्याकडं बघत राहिली, मी आता कायतरी सांगंन म्हणून.

वहिनी उतरल्या. "मारू नका हो तिला," त्या बोलल्या. "उद्या दहा वाजता वर पाठवा. भाविकचं पाचवीचं सुरू करायचंय."

जान्यानं दोन्ही हात जोडले. "पाठवतो, वहिनी. उपकार झाले."