बंगल्याचा कमोड

"आई, चहा निम्माच ठेवलात आजपण."

"बास झाला गं," म्हणत विठाबाईने कप खाटेखाली सरकवला आणि सून काही बोलायच्या आत कुशीवर वळली.

निम्मा चहा हा विठाबाईचा अलीकडचा उपाय होता. सकाळी निम्मा चहा, जेवताना घोटभर पाणी, दिवस कलल्यावर काहीच नाही. आत कमी गेलं की बाहेर कमी येईल, एवढाच तिचा हिशेब. त्यापायी ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटायला लागली. पण संडासातली फरशी काही कोरडी पडेना.

फरशीचा विषय दिवाळीनंतर निघाला. त्याआधी निघायचं कारण नव्हतं. पावसाळ्यात लोणावळ्यात ओल कुणी बघत नाही. कपाटातल्या चपलांना बुरशी येते, उशीला वास येतो, भिंतीला हात लावला की हाताला पाणी लागतं. पण दिवाळीनंतर ऊन पडलं, वलवण गावातली सगळी घरं वाळली, आणि विठाबाईच्या नवऱ्याच्या, हौशीरामच्या घरात तेवढी एक जागा ओली राहिली. कमोडच्या पुढ्यात, जिथं बसणाऱ्याचे पाय टेकतात तिथं, रोज हातभर ओल आणि वास.

घरात त्या कमोडवर बसणारी एकच. हौशीराम, मुलगा निलेश आणि सून सृष्टी अजूनही परसातल्या जुन्या संडासात जात. आतला संडास विठाबाईचे गुडघे गेल्यावर तिच्यासाठी बांधलेला. ती काठी टेकत टेकत जायची, दाराशी थांबून दम खायची, मग आत. तेव्हा ओल कशाची असणार? कुणी विचारलं नाही, म्हणून कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. सृष्टी मुकाट्याने फडकं मारायची. पोरगी चांगली होती, नाक मुरडलं नाही कधी. एके दिवशी मात्र तिने तिथं उदबत्ती लावली. विठाबाई काठी टेकत आली, धुराकडे बघितलं आणि तशीच परत फिरली.

आता कोणी म्हणेल, कमोड गळत असेल हे कुणाच्याच डोक्यात कसं आलं नाही? त्याला हौशीरामचं घर बघायला हवं. हौशीरामची उमेदीची सारी वर्षं धरणाकडच्या एका बंगल्यावर गेली. आधी माळी, मग राखणदार, शेवटी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून सगळंच. शेठलोकांना दर काही वर्षांनी बंगला जुना वाटायला लागतो. मग जे निघतं ते वलवणातल्या घराघरांत जाऊन बसतं. हौशीरामकडे बंगल्याची रंगीत काचांची खिडकी होती, ती उघडत नव्हती. बंगल्याचं झुंबर होतं, त्याला वायर नव्हती, त्यात सृष्टी लसूण टांगायची. पाहुणा आला की हौशीराम प्रत्येक वस्तूवर हात ठेवून सांगायचा, "बंगल्याचा माल हाय. आपन मरू, ह्यो न्हाई मरनार."

कमोडही बंगल्याचाच. पांढराशुभ्र, कडेला सोनेरी रेघ. बसवायला वाडीवरचा कान्हू गवंडी आला होता. भांड्याच्या तळाला, ड्रेनेजच्या पाइपावर बसणारी रबराची कडी असते, ती हातात धरून तो म्हणाला होता, "भाऊ, ही जुनी झालीय. नवी आना बाजारातनं."

"बंगल्याची हाय ती. तीच टाक," हौशीराम म्हणाला होता.

कान्हूने तीच टाकली. असल्या कमोडवर संशय कोण घेणार?

हौशीरामने संशय बायकोवर घेतला. वाईट मनाने नव्हे. वय झालं की असं होतं, हे त्याने बंगल्यावरच्या म्हाताऱ्या शेठाणीच्या बाबतीत बघितलं होतं. तिच्यासाठी काय आणायचे हेही त्याला ठाऊक होतं. एका सकाळी तो नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेला, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच सांगितलं. दुकानदार अमृतचा आवाज जन्मापासून मोठा.

"डायपर? आजीला का? साइज कुठली देऊ?"

ओट्यावर दत्तोबा पेपर वाचत बसला होता. त्याने पेपर खाली घेतला, हौशीरामकडे बघितलं आणि पुन्हा वर धरला. पेपरात असेल ते असेल, दत्तोबाच्या कानावर पडलेली गोष्ट मात्र संध्याकाळच्या आत वलवणभर होते.

हौशीरामने पिशवी विठाबाईच्या उशाशी ठेवली. ती म्हणाली, "काय हाय?"

"ऱ्हाऊ दे. लागलं तर."

तिने पिशवीची गाठ सोडली नाही, बोटांनी वरूनच चाचपली. मग भिंतीकडे तोंड केलं. संसार सुरू झाल्यापासून हौशीरामने तिला रडताना दोनदाच पाहिलं असेल, दोन्ही वेळा घरातलं माणूस गेलं होतं. आता रडली का नाही ते त्याला कळलं नाही, कारण त्याने बघितलंच नाही. तो बंगल्याच्या गवताला पाणी घालायला निघून गेला.

त्याच आठवड्यात सृष्टीची आई नंदाबाई राहायला येणार असल्याचा फोन आला. विठाबाई नवऱ्याला म्हणाली, "मला लेकीकडं सोडा. सारिकाकडं, कामशेतला."

"चार दिस जाऊन ये," हौशीराम म्हणाला. त्यालाही बरंच वाटलं.

पण चार दिवसांना कुणी थंडीची गोधडी, औषधांचा डबा आणि देव्हाऱ्यातली आपली माहेरची अन्नपूर्णा नेत नाही. सृष्टीने गाठोडं बांधताना ते पाहिलं. ती पिशवी तेवढी विठाबाईने उशाशीच ठेवली. सासूला रिक्षात बसवताना सृष्टीला कसंसंच झालं.

आई यायची म्हणून तिने तो संडास घासूनपुसून लख्ख केला, फरशी कोरडी केली. दुसऱ्या दिवशी नंदाबाई आली, कमोड वापरून गेली. ती चांगली धडधाकट बाई. सृष्टी सहज आत डोकावली आणि दारातच उभी राहिली.

"आबा, जरा इकडे या."

हौशीराम आला. पुढ्यात हातभर ओल.

"पानी सांडलंस का?"

"नाही."

हौशीरामने टाकीची साखळी ओढली. दोघं वाकून बघत राहिले. भांड्याच्या मागून, पांढऱ्या सिमेंटच्या भेगेतून पाण्याची एक बारीक धार निघाली, कडेकडेने फिरली आणि फरशीच्या उताराने पुढ्यात येऊन थांबली. बरोबर पाय टेकायच्या जागी.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. हौशीरामने जन्माच्या सोबतिणीवर संशय घेतला होता, पण शेठच्या भांड्यावर घेतला नव्हता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की सुनेसमोर मान वर करवेना.

"प्लंबर बोलवू?" सृष्टीने विचारलं.

"नगं. मी काढतो." मग छिन्नी शोधता शोधता म्हणाला, "हात लावशील का? एकट्याला उचलायचं न्हाई."

निलेश कंपनीत गेला होता. सृष्टीने ओढणी कमरेला बांधली. टाकीचा नळ बंद केला, भांड्यातलं पाणी फडक्याने टिपून घेतलं. हौशीरामने छिन्नीने सिमेंट फोडलं, गंजलेले स्क्रू तेल सोडून सोडून काढले. एरवी सासऱ्यासमोर सून डोक्यावरची ओढणी सावरायची. आज दोघं समोरासमोर उकिडवे बसून एक कमोड कवेत धरून उठले आणि त्यांनी तो गोणपाटावर आडवा केला. वास असा आला की दोघांनीही तोंड फिरवलं.

तळाची कडी काळी कुळकुळीत, कडक झालेली. हौशीरामने बोटाने दाबली तर तिचा तुकडाच पडला. एका बाजूला अंगठा जाईल एवढी फट होती.

"ह्येच्यापायी," तो म्हणाला.

पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबून तो ती कडी घेऊन लोणावळ्याच्या बाजारात गेला. हार्डवेअरवाल्याने ती उलटसुलट केली. "काका, ही तर लाकूड झालीय."

"बंगल्याची हाय."

"असू दे की. रबर कुणाचा का असेना, वाळतोच."

त्याने नवी कडी दिली, आणि सिमेंट नको म्हणून सिलिकॉनची नळी. घरी येऊन हौशीरामने पाइपाचं तोंड घासून कोरडं केलं, कडीला साबणाचं पाणी लावलं, आणि दोघांनी भांडं पुन्हा उचलून हळूहळू खाली सोडलं. रबर दबल्याचं हाताला कळलं. रात्रभर त्याला कुणी हात लावला नाही.

सकाळी निलेश, सृष्टी, नंदाबाई सगळी दारात. हौशीराम साखळी ओढणार, तेवढ्यात सृष्टी म्हणाली, "थांबा आबा." तिने रांगोळीचा डबा आणला आणि चिमटीने कमोडच्या बुडाभोवती पांढरी रेघ ओढली. थेंबभर पाणी आलं तरी रांगोळी भिजून दिसेल. हौशीरामने साखळी ओढली, टाकी भरली, पुन्हा ओढली, वरून बादली ओतली. रेघ कोरडी राहिली.

"पुसू?" सृष्टीने विचारलं.

"नगं. तिला बघू दे."

कामशेतला विठाबाई ओसरीत बसली होती. अंगाने अजून वाळली होती. सारिका म्हणाली, "आबा, आई पानीच पीत न्हाई. डागदर वरडला."

"चल घरी," हौशीराम म्हणाला.

"कशाला? मी हितं बरी हाय."

वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं हौशीराम विसरला. "चल. एक दाखवायचंय," एवढंच त्याला म्हणता आलं.

घरी आल्यावर सृष्टीने तिला हाताला धरून सरळ संडासाच्या दारात नेलं. विठाबाईने कमोडकडे बघितलं, भोवतीच्या रांगोळीकडे बघितलं.

"आगं बया! ह्येची पूजा मांडली का काय?"

"आई," सृष्टी म्हणाली, "पाणी याचं होतं. खालचा रबर गेला होता. तुम्ही गेल्यावरपण फरशी ओलीच होती. तुमचं नव्हतं ते."

विठाबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. काठीचं टोक तिने त्या रेघेजवळ नेलं, कोरडी रांगोळी थोडी विस्कटली.

"मलाबी वाटलं व्हतं गं, माझंच हाय म्हून," ती म्हणाली. "कवा जातंय ते कळत न्हाई म्हनून घाबरलेले मी. रातरात जागी ऱ्हायले."

सृष्टीने तिला मिठी मारली. हौशीराम खिडकीच्या रंगीत काचांकडे बघत उभा राहिला.

विठाबाई खाटेवर येऊन बसली. "पानी दे," म्हणाली. सृष्टीने तांब्या आणि फुलपात्र आणलं. तिने फुलपात्र बाजूला ठेवलं आणि तांब्याच तोंडाला लावला. गळ्याची शीर वरखाली होत होती, सगळे बघत होते, पण तांब्या रिकामा होईपर्यंत ती थांबली नाही. मग पदराने तोंड पुसलं आणि उशाशी ठेवलेली मेडिकलची पिशवी नवऱ्यापुढे धरली. गाठ तशीच होती.

"परत दिऊन या. फोडलेली न्हाई म्हनावं. आन तुमीच जावा, निल्याला धाडू नगा."

हौशीराम निघाला. मेडिकलच्या ओट्यावर दत्तोबा पेपर घेऊन बसलेलाच होता.

"काय आबा, साइज चुकली का?" अमृतने विचारलं.

"साइज न्हाई, मी चुकलो," हौशीराम मोठ्याने म्हणाला. "कमोड गळत व्हता माझा. रबर गेलता. म्हातारी धडधाकट हाय."

"ऐकलं आबा, एवढं ओरडताय कशाला?"

"तुला न्हाई सांगत," हौशीराम म्हणाला आणि ओट्याकडे वळला. दत्तोबाने पेपर खाली घेतला. तेव्हा हौशीरामने तेच पुन्हा एकदा, तितक्याच मोठ्याने सांगितलं.