वेंडेलच्या गाडीचं ठेंगणा टप

वेंडेलची दोन दारांची फोर्ड बत्तीस सालची, पण इंजिन त्यानं असलं बसवलं होतं, की ती सुरू झाली की शेजारच्या कोंबड्या उकडलेली अंडी घालत. मी ती खाल्ली आहेत. त्याची बायको व्हर्ना मात्र वैतागली होती. तिचा उंच अंबाडा टपाला लागायचा, म्हणून तिला आत बसताच येईना.

"रविवारी गाड्यांच्या मेळ्यात विकून टाक," तिनं बजावलं.

वेंडेलचा जीव गाडीत. टप कापून गाडी ठेंगणी करायची हौस आम्हा कॅलिफोर्नियावाल्यांना आहेच. गाडी कुणी घेऊच नये म्हणून त्यानं आधीच कापलेला टप आणखी वीतभर कापला. आत माशीलासुद्धा मान वाकवावी लागे. मग माझ्या ट्रकवर लादून आम्ही ती कोरड्या तळ्यावरच्या मेळ्यात नेली आणि काचेवर 'विकणे आहे' अशी पाटी लावली.

गिऱ्हाइकं आली, कपाळ चोळत गेली. वेंडेल गालात हसत होता. व्हर्नानं ते पाहिलं. तिनं शांतपणे अंबाडा उतरवून त्याच्या हातात दिला, कारण तो गंगावनाचा होता, आणि आत सरकून गाडी सुरू केली. धुरळ्याचा डोंगर उभा करून ती परतली आणि पाटी काढून टाकली.

"राहू दे. मला आवडली."

वेंडेल खुशीत आत घुसायला गेला. गुडघे हनुवटीला लावले तरी मावेना.

"कापताना माप कुणाचं घेतलंस रे?" व्हर्नानं विचारलं.

"गिऱ्हाइकांचं."

"मग तू ये ट्रकमधून," ती निघताना म्हणाली. "आणि अंबाडा नीट धर."