पाच किलोची पिशवी

आजोबांचा उजवा खांदा निखळला तो बल्ब बदलताना, आणि बल्ब बिघडलेला नव्हताच. वीज गेली होती. ही गोष्ट घरात पुन्हा काढायची नाही असं ठरलं होतं, त्यामुळे ती आठवड्यातून एकदा तरी निघायचीच.

खांद्याचं ऑपरेशन झालं, हात गळ्यात आला, आणि त्याच पंधरवड्यात लेकीला मुलगी झाली. बसच्या गॅरेजात उभं आयुष्य इंजिनं खोलण्यात घालवलेल्या माणसाला पहिली नात भेटली ती मांडीवरच्या उशीवर. दोन्ही बाजूंना आजी आणि लेक पहारा देत बसलेल्या. हात लावायचा तर डाव्या हाताची बोटं, तीही धुऊन. लेक म्हणाली, बाबा, घाई काय आहे, ती कुठे पळून जातेय? त्यावर आजोबा म्हणाले की पळायला लागली की मग तर सापडणारच नाही. नंतर लेक आपल्या घरी गेली आणि आजोबा खुर्ची भिंतीकडे वळवून बसू लागले.

व्यायाम शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट यायची. आजोबांची सबब तोंडातून बाहेर पडायच्या आत ती नकारार्थी मान हलवायची, म्हणून घरात तिचं नाव हेडबाई पडलं. हेडबाईंनी अट घातली ती सरळ होती. पाच किलो वजन खांद्यापर्यंत उचलायचं, सावकाश दहा म्हणेपर्यंत धरायचं आणि हात थरथरू न देता खाली ठेवायचं. ते जमलं की नात कडेवर, त्याआधी नाही. पाचाच्या वर मात्र जायचं नाही. त्यासाठी काही विकत आणायची गरज नव्हती. घरातली पिठाची पिशवी चालणार होती.

पिठाची पिशवी घरात असायचीच. जाड कागदाची, तोंडाला दोऱ्याने शिवलेली, तळाला चिकटवलेली, आणि पुढे एका हसऱ्या बाईचं चित्र. एक पिशवी स्वयंपाकाला, एक व्यायामाला. स्वयंपाकाची संपली की व्यायामाची ओट्यावर जायची आणि खालच्या दुकानातून व्यायामाला नवी यायची.

पहिल्या पिशवीने आजोबांचा घाम काढला. ती छातीच्या वर यायलाच तयार नव्हती. दुसरी हनुवटीपर्यंत आली. तिसरी आणली आणि आठवड्याभरात आजोबांनी ती सरळ वरच्या फळीवर ठेवून दाखवली. तिथून पुढे त्यांना आवरणं कठीण झालं. जिन्यात भेटेल त्याला दंड दाखवू लागले. सकाळी दाढी करताना शीळ घालू लागले. येत्या रविवारी नात येणार होती. तिला पाळण्यातून उचलून खिडकीशी नेणार, खालच्या चौकातल्या बस दाखवणार, कुठल्या बसचा गिअरबॉक्स आपण बसवला तेही सांगणार, असं त्यांनी सगळ्या मजल्यांवर जाहीर केलं. खालच्या दुकानदाराला तर मुद्दाम सांगून आले की तुझ्या पिठात ताकद आहे बरं का. दुकानदार चेष्टेखोर. तो म्हणाला, ताकद पिठात नाही काका, भावात आहे. भाव तुमच्या आधीच खांद्याच्या वर गेलाय.

आजी कपडे शिवायची. लग्नाचे, शाळेचे, आणि मुख्य म्हणजे दुरुस्तीचे, कारण माणसं वाढतात आणि कापड आटतं. आटण्याची तिला चांगली पारख होती. नवं कापड हातात आलं की किती सोडून कापायचं हे तिला न धुताच कळायचं. तरी पिठाच्या बाबतीत ती फसली. कळलं ते डब्यामुळे. एक पिशवी ओतली की डबा गळ्यापर्यंत भरायचा, असं कित्येक वर्षं चाललेलं. दुसरी पिशवी ओतली तेव्हा डबा थोडा रिकामा राहिला होता. आपणच नीट झटकली नसेल, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं. सोमवारी मात्र रिकामा डबा घासून पुसून ठेवताना तिच्या मनात ते पुन्हा आलं आणि तिने कोपऱ्यातली तिसरी पिशवी चष्मा लावून पाहिली. उंची तीच, रुंदी तीच. बाईही तीच, फक्त हसू जरा रुंद झालेलं. खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत छापलं होतं: चार किलो. पहिल्या पिशवीचा कागद तिने शिवणाच्या खणात अंथरला होता, त्यावर पाच होतं. दुसरीचा कापडाचे नमुने कापायला घेतला होता, त्यावर साडेचार.

स्वयंपाकाला नवी पिशवी आणायच्या निमित्ताने ती तडक दुकानात गेली. दुकानदाराने हात वर केले. कंपनीने नुसता भाव वाढवला तर गिऱ्हाईक ओरडतं, म्हणाला, पीठ कमी केलं तर फक्त डबा ओरडतो. आता तर त्यांनी दोन्ही केलंय.

जिना चढताना आजीने ठरवलं होतं की नवऱ्याला सांगून टाकायचं. दारात आली तर आजोबा समोरच्या बिऱ्हाडकरूला पिशवी उचलून दाखवत होते, एका हातात पिशवी आणि दुसरा कमरेवर. इतक्या आठवड्यांनी तो चेहरा असा फुललेला तिने पाहिला. आता सांगवेना. पण सांगितलं नाही तर रविवारी काय? लेकीने कालच फोनवर कौतुकाने सांगितलं होतं की बाळ पाचाला टेकलं. पिशवी उतरत चालली होती आणि नात चढत चालली होती, आणि मध्ये तो खांदा होता. बाळ हातातून निसटलं तर?

दुपारी आजोबा घोरायला लागल्यावर तिने पिशवी मशीनपाशी ओढली. शिवण उसवायची तिची छोटी सुरी होती. तिने पिशवीच्या तोंडाचा दोरा हलकेच उसवला. वर चांगली वीतभर जागा मोकळी होती, कंपनीने सोडलेली. त्यात मिठाचं किलोचं पाकीट घातलं की पाच झाले, असा तिचा हिशोब. सवयीने तिने पाकीटही उलटं करून पाहिलं. आठशे ग्रॅम. आजी मिठाकडे बराच वेळ बघत राहिली. मिठाकडून तिची ही अपेक्षा नव्हती. मग तिने जुन्या बटणांची कापडी थैली वर ठेवली, आणि त्याच भोकांतून सुई नेत पिशवी अशी शिवली की कारखान्यातल्या माणसालाही ओळखू आलं नसतं.

मंगळवारी आजोबांनी पिशवीला हात घातला आणि त्यांची शीळ मध्येच थांबली. पिशवी छातीपर्यंत आली, तिथे थबकली, मग कुरकुरत खांद्याशी गेली. आजीने दूध उतू जायला लागल्यासारखं करून स्वयंपाकघर गाठलं. बुधवारीही तेच. गुरुवारी आजोबा सहापर्यंत धरू शकले. बोलणं मात्र कमी झालं. जिन्यात कुणाला दंड दाखवेनात. आजीला वाटलं, आपणच त्यांचं हसू पिशवीत शिवून टाकलं. मीठ काढून घ्यावं म्हणून ती पिशवीकडे वळली, तर आजोबा एकदम म्हणाले, "पिशवीला हात लावू नकोस. ती माझी आहे." इतकं तोडून ते सहसा बोलत नसत. त्या आठवड्यात घरात सगळंच वाकडं चाललं होतं. आजोबांचा राखाडी मोजा हरवला होता, जोडीतला एकच, आणि कुठून तरी खळीचा वास येत होता. आजोबांनी सांगितलं की खुर्चीचा पाय चिकटवला. खुर्ची तर लोखंडी होती, पण आजीच्या डोक्यात तेव्हा मीठ होतं.

शनिवारी हेडबाई परीक्षा घ्यायला आल्या. आजोबांनी बनियन नीट खोचला, पाय रोवले आणि पिशवी उचलली. खांद्यापर्यंत गेली. हेडबाई सावकाश मोजत होत्या. आजी मनात त्यांच्याहून जास्त सावकाश मोजत होती. सातला आजोबांचा चेहरा बीटासारखा झाला. नऊला मिशी थरथरली, हात नाही. दहा झाले आणि पिशवी न आपटता जमिनीवर टेकली. आजीने पदराने डोळे टिपायला घेतले, एवढ्यात हेडबाई खाली वाकल्या आणि त्यांनी ती मुंगीची अक्षरं वाचली.

"काका, ही चार किलोची आहे. मी पाच सांगितले होते."

"पाचच आहे," आजी म्हणाली.

"पाचच आहे," आजोबाही म्हणाले, त्याच क्षणी.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हेडबाईंना असल्या गोष्टी मान्य नव्हत्या. छापलंय ते छापलंय, म्हणाल्या, उद्या बाळ कडेवर नाही. आजोबांचा चेहरा पडला, आणि तो पडलेला पाहून आजीने पिशवी काखोटीला मारायचा प्रयत्न केला. ती तिला अपेक्षेपेक्षा फारच जड लागली. तरी ती म्हणाली की चला खाली, काट्यावरच बघू.

काटा दुकानदाराचा, त्यामुळे पंच तोच झाला. पिशवी ठेवली. काट्यावर सहा किलो आणि वर थोडे ग्रॅम आले. दुकानदाराने पिशवी उचलून पुन्हा ठेवली, काट्यावर फुंकर मारली, मग हात जोडले.

"काकू, इतकी वर्षं दुकानात बसतोय. माल छापल्यापेक्षा जास्त भरला हे आज पहिल्यांदा बघतोय."

आजीने तिथेच तोंडाचा दोरा ओढला आणि मीठ व बटणं काऊंटरवर काढून ठेवली. काटा पाचवर आला. आजीला पुढचं काही कळेना. आजोबा पुढे झाले, त्यांनी पिशवी आडवी केली, तळाची चिकटवलेली घडी नखाने सोडवली आणि आतून राखाडी मोजा ओढून काढला. पिठाने पांढरा झालेला, गाठ मारलेला, आत किलोभर नट-बोल्ट.

"कधी घातलात?" आजीने विचारलं.

"सोमवारी सकाळी. तू बाजारात होतीस तेव्हा. फळीवर ठेवली ना, तेव्हाच मला शंका आली. इतका चांगला मी कधीच नव्हतो."

"आणि मला बोलला नाहीत."

"सगळ्या मजल्यांना सांगून बसलो होतो. कुठल्या तोंडाने बोलू? आणि तू?"

आजी मोजा झटकत म्हणाली की हा मी तीन दिवस शोधतेय, आणि खुर्ची लोखंडी आहे हे मला आत्ता आठवतंय.

हेडबाई दोघांवर सारख्याच चिडल्या. पाचाच्या वर जायचं नाही असं बजावलं असताना हा माणूस आठवडाभर सहा उचलत होता. त्यांनी खांदा चारी बाजूंनी दाबून पाहिला, हात फिरवून पाहिला, कुठे दुखतं का विचारलं. आजोबा कशालाच हो म्हणेनात. शेवटी हेडबाईंचा चेहरा जरा सैल झाला. पास, म्हणाल्या, पण पुढच्या वेळी पीठ सोडून काही उचलायचं असेल तर आधी मला विचारा. जाताना दुकानदाराने त्यांनाही हळूच सांगितलं की पाकिटांना तुमच्यासारखी कुणी हेडबाई हवी होती.

रविवारी लेक आली. पाळणा खिडकीपासून चार पावलांवर मांडला होता. आजोबांनी हात धुतले, पुसले, आणि सावकाश वाकले. आजीने खालून दोन्ही हात धरले, शिवणाखाली अस्तर धरावं तसे. हात काढ, आजोबा म्हणाले. तिने काढले नाहीत. बाळ वर आलं, छातीपाशी थबकलं नाही, एकदम खांद्याशी गेलं आणि आजोबांच्या मिशीत बोट घालून बसलं. आजोबा तसेच उभे. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी बाळाला किंचित वर-खाली करून पाहिलं आणि लेकीकडे संशयाने वळले.

"किती म्हणालीस हिचं वजन?"

"सव्वापाचला आली बाबा. का?"

"हलकी लागतेय," आजोबा म्हणाले. "खाली काट्यावर एकदा बघून घेऊया का?"

लेकीला काही कळेना. आजीने मात्र आता हात काढून घेतले आणि खिडकीचा पडदा बाजूला केला. खाली चौकात बस येत होती.